ओले एव्हिनरूड

ओले एव्हिनरूड (१९ एप्रिल १८७७ – १२ जुलै १९३४) हे नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन यंत्रकार, संशोधक आणि उद्योजक होते. होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवता येणारे, म्हणजेच आउटबोर्ड प्रकारचे पेट्रोल इंजिन सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. असे इंजिन बनवणारे ते पहिले नव्हते. मात्र एका माणसाला उचलता येईल, परवडेल आणि साध्या हत्यारांनी उघडून दुरुस्त करता येईल असे इंजिन त्यांनी घडवले. त्यांची पत्नी बेस एव्हिनरूड यांनी उद्योगाची व्यापारी बाजू सांभाळली. पत्नीच्या प्रकृतीसाठी ओले यांनी भरभराटीला आलेली कंपनी विकली आणि काही वर्षांनी, स्वतःच्याच नावाने विकल्या जाणाऱ्या इंजिनाशी स्पर्धा करत, नव्याने उद्योग उभारला. त्यांच्या आराखड्यावर बनलेली अनेक जुनी इंजिने आजही संग्राहकांकडून दुरुस्त करून चालवली जातात.

जन्म आणि बालपण

ओले यांचा जन्म नॉर्वेतील व्हार्डाल परिसरात झाला. हा भाग आता यवीक नगरपालिकेत मोडतो. त्यांच्या वडिलांचे नाव आंद्रेआस आणि आईचे नाव बेआटे होते. नॉर्वेच्या ग्रामीण भागात त्या काळी कुटुंब ज्या शेतवाडीवर राहत असे तिच्या नावावरून आडनाव घेण्याची पद्धत होती. एव्हिनरूड हे नाव आईच्या घराण्याशी संबंधित असलेल्या एव्हेनरूड या शेतवाडीवरून आले.

ओले पाच वर्षांचे असताना, १८८२ च्या सुमारास, हे कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले. विस्कॉन्सिन राज्यातील केंब्रिज या गावाजवळ, रिप्ली सरोवराच्या परिसरात त्यांनी शेती सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेतून आलेल्या हजारो कुटुंबांनी विस्कॉन्सिनमध्ये वस्ती केली होती. त्यामुळे या परिसरात नॉर्वेजियन भाषा व चालीरीती टिकून होत्या. ओले यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. शेतीच्या कामात मदत करत असताना त्यांना अवजारे व यंत्रे यांची ओढ लागली.

त्यांच्या चरित्रांत बालपणीची एक घटना आढळते. ओले यांनी किशोरवयात स्वतःच्या हाताने एक होडी बांधली. शेतीची कामे सोडून मुलगा वेळ वाया घालवतो, असे वाटून वडिलांनी ती मोडून जाळून टाकली. ओले यांनी गुपचूप दुसरी शिडाची होडी बांधली आणि ती रिप्ली सरोवरात उतरवली. सरोवरावर सुट्टीसाठी येणाऱ्या लोकांना पैसे घेऊन फेरी मारून आणता येते हे दिसल्यावर वडिलांचा विरोध मावळला.

कारखान्यांतील उमेदवारी

वयाच्या सोळाव्या वर्षी ओले घर सोडून विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन येथे गेले आणि शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करू लागले. दिवसभर काम करून रात्री ते बीजगणित, यंत्ररचना आणि अभियांत्रिकी यांची पुस्तके वाचत. पुढे पिट्सबर्ग येथील पोलाद गिरण्यांत आणि शिकागोमधील यंत्रशाळांत त्यांनी अनुभव घेतला. नंतर ते मिलवॉकी येथे आले आणि ई. पी. ॲलिस या मोठ्या यंत्रनिर्मिती कंपनीत पॅटर्नमेकर म्हणून काम करू लागले.

पॅटर्नमेकर हा ओतशाळेसाठी लाकडी नमुने तयार करणारा कारागीर असतो. वाळूच्या साच्यात हा नमुना दाबून जी पोकळी तयार होते तिच्यात वितळलेला धातू ओतला जातो. धातू थंड होताना आकुंचन पावतो, म्हणून नमुना तयार वस्तूपेक्षा थोडा मोठा ठेवावा लागतो. नंतर यंत्रावर कातायच्या पृष्ठभागांसाठीही जास्तीचा धातू राखून ठेवावा लागतो. वस्तू कागदावर उतरण्याच्या टप्प्यातच ती ओतायची कशी, कातायची कशी आणि जोडायची कशी याचा विचार करण्याची सवय ओले यांना या कामातून लागली. पुढे कमी भागांची आणि सहज सुटी होणारी इंजिने बनवताना हा अनुभव त्यांच्या उपयोगी पडला.

त्या काळात अंतर्ज्वलन इंजिन नवीन होते. ओले यांनी मोकळ्या वेळात स्वतःची पेट्रोल इंजिने बनवण्यास सुरुवात केली. १९०० मध्ये त्यांनी एका भागीदारासह क्लेमिक अँड एव्हिनरूड ही मागणीनुसार इंजिने बनवणारी संस्था काढली. ही आणि यानंतरच्याही काही भागीदाऱ्या फार काळ टिकल्या नाहीत. याच सुमारास मिलवॉकीत विल्यम हार्ली आणि आर्थर डेव्हिडसन हे तरुण आपली पहिली मोटारसायकल तयार करत होते. त्यांच्या सुरुवातीच्या इंजिनासाठी ओले यांची मदत झाल्याचे हार्ली-डेव्हिडसनच्या इतिहासात नोंदवले जाते.

बेस कॅरी यांच्याशी विवाह

बेस एमिली कॅरी या ओले यांच्या कार्यशाळेच्या परिसरात राहत असत. त्यांनी व्यापारविषयक शिक्षण घेतले होते. ओले यांचा पत्रव्यवहार साचून राहतो आणि हिशेब नीट ठेवले जात नाहीत हे पाहून त्यांनी त्या कामात मदत करण्यास सुरुवात केली. ओले मितभाषी होते आणि विक्रीपेक्षा यंत्रात त्यांना अधिक रस होता. बेस यांचा ओढा व्यवहाराकडे आणि लेखनाकडे होता. १९०६ मध्ये दोघांचा विवाह झाला. १९०७ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा राल्फ याचा जन्म झाला.

एव्हिनरूड इंजिनाच्या उगमाविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. १९०६ च्या उन्हाळ्यात मिलवॉकीच्या पश्चिमेस असलेल्या ओकाउची सरोवरातील एका बेटावर ओले, बेस आणि त्यांचे मित्र सहलीसाठी गेले होते. बेस यांना आइस्क्रीम खाण्याची इच्छा झाली. ओले सुमारे अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर, होडी वल्हवत किनाऱ्यावर गेले. पण ते परत येईपर्यंत कडक उन्हात आइस्क्रीम वितळून गेले होते. परतीच्या वाटेवर होडीला इंजिन लावण्याचा विचार त्यांच्या मनात आला, असे सांगितले जाते. या प्रसंगाने कल्पनेला चालना मिळाली असली, तरी ओले तोपर्यंत अनेक वर्षे पेट्रोल इंजिने बनवत होते. त्यांच्या संशोधनामागे ही पूर्वतयारी होती.

पूर्वीचे प्रयत्न

होडीच्या बाहेर लावायच्या इंजिनाची कल्पना ओले यांच्या आधीची आहे. फ्रेंच संशोधक गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिस येथे सेन नदीवर सुकाणूला जोडलेल्या विजेच्या मोटारीने होडी चालवून दाखवली होती. अमेरिकेत १८९६ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका कंपनीने सुटे पेट्रोल इंजिन विक्रीस आणले होते. डेट्रॉइट येथील कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ मध्ये आपल्या इंजिनाची चाचणी घेतली आणि पुढील वर्षापासून त्याची विक्री सुरू केली. आउटबोर्ड मोटर हा शब्दप्रयोग रूढ होण्यातही वॉटरमन यांचा वाटा मानला जातो. त्यामुळे आउटबोर्ड इंजिनाचे आद्य संशोधक असा ओले यांचा सरसकट उल्लेख करणे अचूक ठरत नाही.

पहिले इंजिन

ओले यांनी पहिला नमुना १९०७ च्या सुमारास तयार केला. तो पाहून बेस यांना कॉफी दळण्याच्या यंत्राची आठवण झाली, असे सांगितले जाते. सुधारित इंजिनाची चाचणी १९०९ मध्ये झाली. एका मित्राने ते इंजिन जवळच्या पेवॉकी सरोवरावर नेले आणि परत येताना १० इंजिनांची मागणी आणली. ओले यांनी सुरुवातीची २५ इंजिने मुख्यतः हाताने बनवली.

हे इंजिन एका सिलिंडरचे, दोन धावांचे म्हणजे टू-स्ट्रोक आणि दीड अश्वशक्तीचे होते. त्याचे वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलोग्रॅम, आणि किंमत ६२ डॉलर होती. टू-स्ट्रोक इंजिनात झडपांची गुंतागुंतीची यंत्रणा लागत नाही. पिस्टन वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या स्वतःच उघडतो व बंद करतो. वंगणासाठी तेल पेट्रोलमध्येच मिसळले जात असल्याने स्वतंत्र तेलपंपाची गरज नसते. भाग कमी असल्यामुळे वजन, किंमत आणि बिघाडाची शक्यता या तिन्ही गोष्टी कमी होतात.

ओले यांच्या आराखड्यात सिलिंडर आडवा आणि क्रँकशाफ्ट उभा होता. क्रँकशाफ्टच्या वरच्या टोकाला फ्लायव्हील बसवलेले होते. खालच्या टोकापासून एक उभा दांडा नळीतून पाण्याखाली जात असे. तळाशी दातेरी शंकूचक्रांची जोडी ही फिरण्याची दिशा काटकोनात वळवून पंख्यापर्यंत पोहोचवत असे. संपूर्ण इंजिन होडीच्या मागच्या फळीवर पकडीने आवळले जाई आणि दांड्याने डावीकडे-उजवीकडे वळवता येई, त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नसे. डोक्यावर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि तळाशी पंखा ही मांडणी पुढील शतकभर बहुतेक आउटबोर्ड इंजिनांत कायम राहिली. या रचनेसाठी ओले यांना १९११ मध्ये अमेरिकेचे एकस्व मिळाले.

सुरुवातीच्या इंजिनांत ठिणगीसाठी कोरडी बॅटरी आणि कॉइल वापरली जात असे. फ्लायव्हीलच्या कडेवरील मूठ धरून, हाताने चाक फिरवून इंजिन चालू करावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर बोटांना इजा होत असे. १९१४ च्या सुमारास फ्लायव्हीलमध्येच बसवलेला मॅग्नेटो वापरात आला आणि बॅटरी बाळगण्याची गरज उरली नाही.

व्यवसायाची वाढ आणि विक्री

वाढत्या मागणीला पुरे पडण्यासाठी भांडवलाची गरज होती. १९११ मध्ये मिलवॉकीतील टगबोटींचे व्यावसायिक ख्रिस मेयर यांनी भागीदार म्हणून गुंतवणूक केली. जाहिराती लिहिणे, पत्रव्यवहार पाहणे आणि हिशेब ठेवणे ही कामे बेस करत. वल्ही टाकून देऊन इंजिन वापरण्याचे आवाहन करणारी त्यांची जाहिरात विशेष गाजली. निर्यातीची संधीही त्यांनी ओळखली. न्यूयॉर्कमधील ओलुफ मिकेल्सेन या निर्यात व्यापाऱ्याच्या माध्यमातून स्कँडिनेव्हियातील मासेमारांकडून मोठी मागणी आली. अमेरिकेत हे इंजिन प्रामुख्याने सुट्टीतील हौशी लोक घेत होते. उत्तर युरोपच्या किनाऱ्यावर ते रोजच्या उदरनिर्वाहाचे साधन बनले.

घर, लहान मूल आणि वाढता व्यवसाय यांचा एकत्रित ताण बेस यांच्या प्रकृतीवर पडला. १९१४ मध्ये ओले यांनी आपला हिस्सा मेयर यांना विकला. पाच वर्षे आउटबोर्ड इंजिनांच्या व्यवसायात परत न येण्याची अट या करारात होती. कंपनीसोबत एव्हिनरूड हे नावही मागे राहिले. यानंतरची काही वर्षे ओले आणि बेस यांनी राल्फला सोबत घेऊन मोटारीने आणि बोटीने प्रवास केला. या काळात बेस यांची प्रकृती बरीच सुधारली.

एल्टो

प्रवासाच्या काळातही ओले नव्या इंजिनाचे आराखडे करत होते. पूर्वीचे इंजिन मजबूत असले तरी जड होते आणि एकाच सिलिंडरमुळे त्याला जोराची थरथर होती. ओले यांनी समोरासमोर दोन सिलिंडर असलेले इंजिन तयार केले. दोन्ही पिस्टन एकाच वेळी विरुद्ध दिशांना जात असल्याने त्यांचे धक्के बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देत. बीड आणि पितळ यांच्याऐवजी अनेक ठिकाणी ॲल्युमिनियम वापरल्यामुळे वजन सुमारे ४८ पौंडांपर्यंत, म्हणजे २२ किलोग्रॅमच्या आसपास उतरले. शक्ती मात्र सुमारे ३ अश्वशक्ती होती. धूर पंख्याच्या मध्यभागातून पाण्याखाली सोडल्याने आवाजही कमी झाला.

कराराची मुदत संपल्यावर ओले यांनी हे इंजिन प्रथम मेयर यांच्याकडेच नेले. मेयर यांनी ते स्वीकारले नाही. त्यामुळे ओले आणि बेस यांनी १९२१ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन केली. एव्हिनरूड हे नाव व्यापारासाठी वापरता येत नसल्याने, एव्हिनरूड लाइट ट्विन आउटबोर्ड या शब्दांच्या आद्याक्षरांवरून एल्टो हे नाव ठरले. हे नाव बेस यांनी सुचवल्याचे सांगितले जाते. अशा रीतीने बाजारात एव्हिनरूड नावाचे इंजिन आणि एव्हिनरूड यांनी बनवलेले इंजिन हे दोन प्रतिस्पर्धी झाले. हलके असलेले एल्टो लवकरच लोकप्रिय झाले.

१९२२ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील जॉन्सन बंधूंनी सुमारे ३५ पौंड वजनाचे, दोन सिलिंडरचे इंजिन बाजारात आणले. दशकाच्या मध्यास त्यांनी अधिक शक्तीची इंजिने आणली आणि ग्राहकांचा कल वेगाकडे वळला. ओले यांचा भर तोवर हलकेपणा व सोय यांवर होता. स्पर्धेत टिकण्यासाठी एल्टोने १९२८ मध्ये चार सिलिंडरचे, सुमारे १८ अश्वशक्तीचे क्वाड हे इंजिन सादर केले. आउटबोर्ड बोटींच्या शर्यतींत अशा इंजिनांना मोठी मागणी होती. मुलगा राल्फ याच काळात कंपनीत रुजू झाला.

विलीनीकरण, मंदी आणि अखेरची वर्षे

१९२९ मध्ये एल्टो, मूळची एव्हिनरूड कंपनी आणि मिशिगनमधील लॉकवुड ही कंपनी यांचे विलीनीकरण होऊन आउटबोर्ड मोटर्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे सहसंस्थापक स्टीफन ब्रिग्ज यांचा यात पुढाकार होता. ओले नव्या कंपनीचे अध्यक्ष झाले. सुमारे १५ वर्षांनंतर स्वतःच्या नावाचे इंजिन पुन्हा त्यांच्या देखरेखीखाली तयार होऊ लागले.

त्याच वर्षी अमेरिकेत शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. हौसेसाठी घेतल्या जाणाऱ्या वस्तूंची मागणी घटली. कंपनी टिकवण्यासाठी ओले यांनी आपले वेतन घेणे सोडल्याचे चरित्रकार नोंदवतात. कंपनीने मोठ्या शर्यती इंजिनांऐवजी लहान व स्वस्त इंजिनांवर भर दिला आणि गवत कापण्याच्या यंत्रांसारख्या इतर उत्पादनांकडेही लक्ष वळवले.

बेस यांनी १९२८ च्या सुमारास कामकाजातून निवृत्ती घेतली होती. मे १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे १४ महिन्यांनी, १२ जुलै १९३४ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी मिलवॉकी येथे ओले यांचे निधन झाले. कंपनीची सूत्रे राल्फ एव्हिनरूड यांच्याकडे गेली.

कंपनीचा पुढील इतिहास

१९३६ मध्ये जॉन्सन मोटर्सही याच समूहात सामील झाली. १९५६ मध्ये समूहाने आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन हे नाव स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे जगभर प्रसिद्ध झाली. राल्फ एव्हिनरूड यांचे १९८६ मध्ये निधन झाले. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि २००१ मध्ये कॅनडातील बॉम्बार्डियर समूहाने इंजिनांचा व्यवसाय विकत घेतला. त्यातून वेगळ्या झालेल्या बीआरपी कंपनीने २०२० मध्ये एव्हिनरूड आउटबोर्ड इंजिनांचे उत्पादन बंद केले. १९७७ च्या द रेस्क्युअर्स या डिस्नेच्या चित्रपटात पानाची होडी ढकलणाऱ्या चतुराला एव्हिनरूड हे नाव देण्यात आले होते.

जुन्या इंजिनांची पुनर्बांधणी

उत्पादन थांबले असले तरी एव्हिनरूड व एल्टो इंजिनांची दुरुस्ती करून ती पुन्हा पाण्यात उतरवण्याची हौस अमेरिका व इतर देशांतील संग्राहकांनी जोपासली आहे. कमी भाग, बोल्टने जोडलेली रचना आणि कार्यशाळेत पुन्हा बनवता येण्याजोगे सुटे भाग या ओले यांच्या आराखड्यातील गुणांमुळे हे शक्य होते.

पुनर्बांधणीची सुरुवात इंजिनावरील पट्टीवरचा मॉडेल क्रमांक व अनुक्रमांक वाचण्यापासून होते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन वर्षांच्या इंजिनांतही कॉइल, पंप किंवा गिअर वेगळे असू शकतात, म्हणून भाग निवडताना बाह्य रूपापेक्षा हा क्रमांक महत्त्वाचा ठरतो. त्यानंतर फ्लायव्हील हाताने फिरते का आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब तयार होतो का, हे तपासतात. पिस्टन गंजून अडकला असल्यास ठोकून न काढता, झिरपणारे तेल सोडून काही दिवस वाट पाहिली जाते, कारण जुने ओतकाम ठिसूळ असते आणि तडा गेलेला सिलिंडर मिळणे अवघड असते.

बदलायच्या भागांत प्रथम क्रमांक ठिणगीच्या यंत्रणेचा लागतो. जुन्या कॉइलचे विद्युतरोधक आवरण काळाने तडकते आणि कंडेन्सर निकामी होतो. हे दोन्ही भाग फ्लायव्हीलखाली झाकलेले असतात, त्यामुळे तेथे समान गुणधर्माचे नवे भाग बसवल्याने इंजिनाचे मूळ रूप बिघडत नाही. मॅग्नेटोचे चुंबक क्षीण झाले असल्यास ते बदलण्याऐवजी पुन्हा चुंबकित करता येते.

इंधनाच्या बाजूला कार्ब्युरेटरमधील बुचाच्या लाकडाचा तरंग हा नेहमीचा दोष असतो. त्यावरील जुना लेप मद्यार्कमिश्रित आधुनिक पेट्रोलमध्ये विरघळतो, तरंग इंधन शोषून जड होतो आणि कार्ब्युरेटर ओसंडून वाहतो. असा तरंग इंधनरोधक लेप देऊन किंवा नव्या पदार्थाचा बनवून बसवतात. कागदी गॅस्केट जुन्याच्या मापाने कापून घेता येतात.

पाण्याने थंड करण्याच्या यंत्रणेत इंजिनाच्या काळानुसार फरक असतो. सुरुवातीच्या अनेक इंजिनांत धातूचा दट्ट्यापंप असे. नंतरच्या इंजिनांत लवचीक रबरी पात्यांचे चक्र आले. रबर वापर नसतानाही कडक होते, म्हणून इंजिन कमी चाललेले असले तरी हे चक्र बदलावे लागते. सिलिंडरभोवतीच्या वाहिन्यांत साचलेली माती व क्षार काढले नाहीत, तर नवा पंप बसवूनही इंजिन तापते.

तळाच्या गिअरपेटीतील वंगण दुधाळ झाले असेल, तर पाणी आत शिरले आहे असे समजतात आणि सील व बुश तपासतात. पंखा दांड्याला जोडणारी मऊ धातूची खीळ हा मुद्दाम कमजोर ठेवलेला भाग आहे. पंखा दगडावर आपटल्यास ती तुटते आणि गिअर वाचतात. तिच्या जागी कठीण पोलादाची खीळ किंवा खिळा घातल्यास आघात थेट गिअरच्या दातांवर जातो. स्वस्त भाग वाचवण्याच्या प्रयत्नात दुर्मीळ भाग गमावण्याचे हे नेहमीचे उदाहरण आहे.

वंगणाचे प्रमाणही भागांइतकेच महत्त्वाचे असते. जुन्या इंजिनांतील क्रँकशाफ्ट बहुधा कांस्याच्या साध्या बुशवर फिरतो. त्यासाठी पेट्रोलच्या १६ भागांस तेलाचा १ भाग असे मिश्रण सामान्यतः वापरले जाते. नंतरच्या काळातील बेअरिंगयुक्त इंजिनांसाठी ठरवलेले ५० भागांस १ हे प्रमाण जुन्या इंजिनात वापरल्यास बुश थोड्याच वेळात झिजतात.

टाकी, ओतीव भाग, नावाची पट्टी आणि फ्लायव्हील हे इंजिनाची ओळख ठरवणारे भाग शक्यतो मूळचेच राखले जातात. झिजणारे आणि नजरेआड असलेले भाग बदलले जातात. जे भाग बाजारात मिळत नाहीत ते दुसऱ्या निकामी इंजिनातून काढले जातात किंवा जुन्या भागावरून नमुना घेऊन नव्याने ओतले जातात. ओतीव भाग धातूच्या आकुंचनाइतका लहान निघतो, त्यामुळे नमुना तेवढा मोठा करून घ्यावा लागतो. मिलवॉकीच्या ओतशाळेसाठी लाकडी नमुने करताना ओले एव्हिनरूड हीच गणना करत असत.